मुंबई मागायच्या आधी

आमच्या गावाने मुंबई मागायचं ठरवलं तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी ती पाहिलेलीच नव्हती, आणि ज्यांनी पाहिली होती ते मुंबईतच होते. देवळासमोर सभा भरली. ठराव मी लिहिला, कारण गावात लिहायचं काही निघालं की ते शाळामास्तरच्याच डोक्यावर येतं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" एवढं वाचून मी अंगठे आणि सह्या घ्यायला कागद पुढे केला, तर आप्पांनी हात आखडला.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे मानकरी. वय पासष्टच्या पुढे, आवाज खणखणीत. गावातला कुठलाही तंटा त्यांच्या ओसरीवर तुटतो. मुंबईला कधी गेले नव्हते, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

"बैल घेताना आमी दात बघतव," आप्पा म्हणाले, "आणि मुंबय काय डोळे मिटून मागूची?"

मी समजावून पाहिलं की आपण मुंबई विकत घेत नाही, ती आपलीच आहे. आप्पांचं म्हणणं, आपली असेल तर मग बघायला हरकत काय? अर्ध्या तासात असं ठरलं की आप्पांनी आणि गुरुजींनी, म्हणजे मी, मुंबईला जाऊन तिची पाहणी करावी आणि मग गावाने ठराव पास करावा. मराठी मुलखात सगळीकडे लोक मुंबईसाठी मोर्चे काढत होते आणि आमचा गाव तिचे दात बघायला माणसं पाठवत होता. मला हसावं की रडावं कळेना, पण नाताळची सुट्टी लागत होती आणि मुंबई मीही पाहिली नव्हती, म्हणून गप्प बसलो.

आप्पांचं आणखी एक काम होतं, आणि खरं सांगायचं तर तेच खरं काम होतं. त्यांचा धाकटा मुलगा वसंता चार महिन्यांपूर्वी लालबागच्या गिरणीत बदली म्हणून, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवसापुरता, लागला होता. त्याचं पत्र आलं होतं: गावाच्या खोलीत निजायला जागा मिळत नाही, बाहेर निजतो. मानकऱ्याचा मुलगा बाहेर निजतो हे आप्पांना लागलं होतं. वसंताला खोलीत जागा मिळवून देईन तेव्हाच परत येईन, असं ते बायकोला सांगून निघाले होते. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. का, ते वाचणाऱ्याच्या पुढे लक्षात येईल.

लालबाग

बोटीत आप्पांना ओकाऱ्या झाल्या आणि मला त्यांची बोलणी ऐकावी लागली, याहून त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. भाऊच्या धक्क्यावर खोलीचा सेक्रेटरी शांताराम हार घेऊन आला होता. हार एकच होता, तो आप्पांच्या गळ्यात पडला.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी खोलीचं वर्णन करतो. कोकणातल्या पुष्कळ गावांच्या अशा खोल्या गिरणगावात आहेत. खोली भाड्याने गावाची, आणि गावातून गिरणीत गेलेला प्रत्येक गडी तिच्यात राहतो. आमच्या खोलीत एकतीस माणसं. ही सगळी एकदम आत मावत नाहीत आणि मावायची गरजही नसते, कारण दहा पाळीवर असतात, दहा निजतात आणि उरलेली खाली नाक्यावर उभी असतात. ट्रंका आढ्याला तारांनी टांगलेल्या. प्रत्येकाला एक खुंटी. जमिनीवर निळ्या रंगाने पट्टे ओढून जागा आखलेल्या, आणि एका जागेवरचा माणूस उठला की ती गार व्हायच्या आत दुसरा आडवा होतो. माझ्या शाळेत एवढी शिस्त मी वीस वर्षांत आणू शकलो नाही.

पण खिडकीखाली एक चांगली रुंद जागा रिकामी होती. तिच्यावर नवी चटई अंथरलेली, उशी, उशीवर भरतकाम. जवळ कोणी फिरकत नव्हतं. सगळे तिला वळसा घालून जात होते. वर भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीत एक पत्र लावलेलं होतं, आणि अक्षर माझं होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आप्पांनी सांगितलं आणि मी लिहिलं, ते मी पार विसरून गेलो होतो. आप्पा एकदा देवगडला लग्नाला गेले असता त्यांना निजायला नीट जागा मिळाली नव्हती. त्या रागात परत येऊन त्यांनी मुंबईच्या मंडळींना हुकूम धाडला होता: "गावाहून येणारा माणूस म्हणजे गावच समजावा. त्याच्यासाठी आतली चांगली जागा, दीड माणूस ऐसपैस निजेल एवढी, कायम मोकळी ठेवावी. एरवी तेथे कोणी निजू नये व ट्रंक ठेवू नये." खोली केवढी आहे हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. देवळाच्या सभामंडपाएवढी असेल असं आप्पांच्या मनात होतं, आणि माझ्या मनात काही नव्हतं, मी नुसतं शुद्धलेखन बघत होतो.

तर त्या पत्रापायी एकतीस माणसांच्या खोलीत दीड माणसाची जागा बारा वर्षं रिकामी होती. वर्षातून तीनचार वेळा कोणी आजारी इस्पितळात दाखवायला यायचा, कोणी कोर्टाच्या कामाला, तेवढ्यापुरती ती भरायची. एरवी चटई झाडून परत अंथरायची पाळीसुद्धा लावलेली होती. आणि खोलीत जागा नाही म्हणून सहा जण बाहेर गॅलरीत, त्यात नंबर पहिला वसंता.

शांतारामने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. "आप्पा, तुमचा शब्द म्हणजे फायनल. बारा वर्षांत कोण साला टेकला पण नाय तिकडे."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रात्री आम्ही दोघं त्या जागेवर निजलो, मला अर्ध्या माणसाची आली. वसंता आपली वळकटी काखेत मारून, बापाच्या पाया पडून बाहेर गेला. पहाटे मी नळावर जायला उठलो तेव्हा गॅलरीत पाच वळकट्या होत्या. सहावी नव्हती. गेला असेल लवकर गिरणीच्या गेटवर, बदलीवाल्यांना पहाटे उभं राहावं लागतं, असं मला वाटलं.

चिंचपोकळीचा नाका आणि गिरगाव

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पाहणी सुरू केली. पद्धत त्यांची स्वतःची होती. भेटेल त्याला थांबवून महाराष्ट्रात यायला तयार आहेस का म्हणून विचारायचं. चिंचपोकळीच्या नाक्यावरच्या इराण्याला त्यांनी गल्ल्यावर जाऊन विचारलं. इराण्याने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि दोन चहा पाठवले. आप्पांनी त्याला "तयार" या खात्यात घालायला लावलं. मी वहीत नोंद केली. एका पठाण पहारेकऱ्याने उत्तर द्यायच्या आधी आप्पांना तंबाखू मागितली आणि मळता मळता विसरून गेला. एक कोळीण वरळीहून टोपली घेऊन येत होती. तिने आप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, आम्ही इथे हजार वर्षं मासे विकतो, तू कोण मला घेणार? आप्पांना ती फार आवडली.

दुपारी गिरगावात माझ्या ट्रेनिंग कॉलेजातल्या मित्राकडे गेलो. हे मित्र तिथल्या शाळेत मास्तर आहेत. आम्ही लालबागला उतरलो हे कळताच त्यांनी नाक वर केलं. त्यांच्या मते खरी मुंबई ठाकुरद्वारपासून मुगभाटापर्यंत, बाकीची नुसती वस्ती. मुंबई हे कसं आंतरराष्ट्रीय शहर आहे यावर ते छान बोलले. लंडनला आणि न्यूयॉर्कला काय चाललंय हे गिरगावात संध्याकाळच्या आत कळतं, नाटक आहे, ग्रंथालय आहे, व्याख्यानं आहेत. वहिनींनी पोहे केले होते, वर खोबरं अगदी बेतानेच. मी पुन्हा मागणार होतो पण पातेल्याचा तळ दिसला.

आप्पा इतका वेळ खोल्या बघत होते. दोनच खोल्या, आणि घरात सात माणसं.

"हे सगळे निजतत खंय?" त्यांनी मला विचारलं, पण आवाज खणखणीत असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

मित्राने घसा खाकरला. वहिनींनीच सांगून टाकलं: सासूबाई स्वयंपाकघरात, दोन मुलं पलंगाखाली, दीर गॅलरीत, आणि मास्तरांचा भाचा शाळेतच, बाकं जोडून. आप्पांनी मान डोलावली. परत येताना ते म्हणाले की माणसं चांगली आहेत, पण आपल्या गोठ्यात बैल याहून सैल बांधतो. मला राग आला. मित्र माझा होता. पण ते खोटंही नव्हतं, म्हणून मी वादाला पडलो नाही.

मलबार हिल

आमच्या गावचा धोंडू तिकडे एका बंगल्यात रामा आहे. रामा म्हणजे घरगडी. बाप्तिस्मा दिल्यासारखं नोकरीला लागतानाच नाव बदलतात. धोंडूच्या आधी तिथे आमच्याच तालुक्याचा गोविंद होता, तोही रामाच होता. साहेबांना नवीन नाव पाठ करायचा त्रास नको.

धोंडूने आम्हांला मागच्या जिन्याने वर घेतलं आणि साहेबांनी आम्हांला जिन्यातच पकडलं. धोंडू पांढरा पडला. पण साहेबांना वाटलं आम्ही नोकरी मागायला आलो आहोत, आणि मी माझ्या मास्तरी इंग्रजीत जेव्हा सांगितलं की आम्ही मुंबईची पाहणी करायला गावाने पाठवलेले प्रतिनिधी आहोत, तेव्हा ते एवढे खूश झाले की आम्हांला दिवाणखान्यात नेऊन बसवलं. आप्पा खुर्चीच्या टोकावर बसले, कारण मागे सरकलं की ते आत बुडायचे.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हांला शांतपणे समजावलं की मुंबई कॉस्मोपॉलिटन आहे. ती कुठल्याही एका प्रांताची नाही, ती जगाची आहे, आणि जगाच्या शहराला एका भाषेच्या दावणीला बांधणं म्हणजे मागासपणा आहे. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचं घर दाखवलं. स्वयंपाकी गोव्याचा, ड्रायव्हर उत्तरेकडचा, आया मद्रासकडची, दरवान नेपाळचा आणि रामा रत्नागिरीचा. सगळे एका छपराखाली गुण्यागोविंदाने राहतात. मी हे आप्पांना मालवणीत सांगितलं. आप्पांनी अर्थातच तोच निजण्याचा प्रश्न विचारला आणि मी तो इंग्रजीत विचारला.

साहेबांना माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, लपवत नव्हते. त्यांनी धोंडूकडे पाहिलं. धोंडूने खाली मान घालून सांगितलं: स्वयंपाकी चुलीपाशी, ड्रायव्हर मोटारीत, आया बाळाच्या पाळण्याखाली, दरवान निजत नाही, आणि तो स्वतः जिन्याखाली. साहेब म्हणाले, हाऊ इंटरेस्टिंग.

मग त्यांनी घर फिरवून दाखवलं. एका खोलीशी आप्पा थबकले. चौकोनी, मोठी, समुद्राकडे उघडणारी खिडकी. आत माणूस नव्हता, पलंग नव्हता. भिंतीला लागून पितळी कोपऱ्यांच्या मोठ्या मोठ्या ट्रंका ओळीने ठेवल्या होत्या. साहेब दरवर्षी विलायतेला जातात, त्यांच्या ट्रंकांची ती खोली. आप्पांनी दारातून आत पावलं टाकली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग आडवी. लालबागच्या खोलीएवढीच भरली, एक पाऊल जास्त.

आप्पा माझ्याकडे वळले. त्यांनी मला सांगितलं, साहेबांना विचारा, माझा वसंता रात्रीपुरता इथे निजला तर चालेल का? ट्रंकांना हात लावणार नाही. सकाळी अंगण झाडून जाईल.

साहेब हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभे होते. आप्पा माझ्याकडे बघत होते. जन्मात कोणाकडे काही मागितलं नाही असा माणूस मागत होता. मला लाज वाटली, आप्पांची नव्हे, आपल्याला हे इंग्रजीत म्हणावं लागणार याची. मी साहेबांना म्हटलं, हे म्हणतात तुमच्या ट्रंका फार सुंदर आहेत. साहेबांनी आप्पांच्या खांद्यावर थाप मारली.

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

जिना उतरताना आप्पा साहेबांच्या बाजूने बोलत होते, की परक्या माणसाला घरात कोण घेईल, त्यांचं बरोबर आहे. मी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय ते आप्पांना वाचता येत नाही म्हणून.

पुन्हा लालबाग, रविवार

आता खोलीखेरीज मार्ग उरला नव्हता. रविवारी खोलीच्या मंडळाची सभा होती. एकतीसच्या एकतीस जण आत आले, म्हणजे आठ जण दुसऱ्यांच्या मांडीवर होते. सुरुवातीला मुंबई मागण्याचा ठराव झाला. तो दोन मिनिटांत एकमताने पास झाला, "झालाच पाहिजे"च्या आरोळीने वरच्या दोन ट्रंका हलल्या.

मग आप्पा उठले. त्यांनी आपल्या मुलासाठी काही मागितलं नाही. त्यांनी भिंतीवरचं पत्र काढायला सांगितलं. कोणी हलेना, म्हणून स्वतःच चौकट काढून हातात घेतली.

"हो नियम माझो," आप्पा म्हणाले. "खोली न बघता केललो. मीच मोडतंय."

एवढं बोलून ते खाली बसले आणि धोतराने चौकटीची काच पुसत राहिले. गावात या माणसाने दिलेला शब्द फिरवलेला मी कधी पाहिला नव्हता.

नियम मोडला. जागा गॅलरीतल्या पहिल्या नंबराला, म्हणजे वसंताला. पण जागा होती दीड माणसाची, आणि खरी सभा आता सुरू झाली. अर्ध्या माणसाचं काय करायचं? एक म्हणाला अर्धी जागा वसंतालाच द्या, मानकऱ्याचा मुलगा आहे. त्यावर दुसऱ्याने मुंबईत मानकरी नसतात असं सुनावलं. कोणी म्हणालं सगळे पट्टे पुसून पुन्हा आखा, म्हणजे प्रत्येकाला बोटभर वाढेल. शांतारामने बोटभराचा हिशेब कागदावर मांडला तर ते नखभर निघालं. अख्ख्या मुंबईला दोन मिनिटं लागली होती, अर्ध्या माणसाला पावणेतीन तास लागले. शेवटी तोड अशी निघाली की अर्धी जागा गावाहून येणाऱ्या पाहुण्याला राखीव, पण त्याने तिथे निजायचं नाही, फक्त बसायचं. मला इतिवृत्तात हे लिहावं लागलं.

आप्पांचं काम झालं होतं. त्यांनी वसंताला हाक मारली. तो दाराशी उभा होता.

"माका जागा नको, आप्पा," वसंता म्हणाला. "मी गॅलरीत निजतच नाय. दोन महिने झाले, मी नायगावाक काशिरामाकडे निजतंय."

कोणता काशिराम, हे कोणी विचारलं नाही. आमच्या गावात काशिराम एकच. ओढ्यापलीकडची वाडी, जिला गाव अजून जुन्याच नावाने हाक मारतं आणि जी गेल्या वर्षीपासून स्वतःला बौद्धवाडी म्हणवते, तिथला. आप्पांच्या ओसरीच्या पायरीपलीकडे त्याचा बाप कधी आला नव्हता.

मग शांतारामने कागदावर काट मारली आणि म्हणाला, ठीक आहे, मग नंबर दोनचं नाव लिहितो.

नायगाव

आप्पा चालतच निघाले. ट्राम आली तरी चढले नाहीत. परळच्या नाक्यावर त्यांना मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो तर त्यांनी मला गप्प बसवलं. वसंता चार पावलं पुढे चालत होता आणि मागे वळून बघत नव्हता. मला वाटलं आज बाप-लेकाची तुटते.

काशिराम माझा विद्यार्थी. आता माझगावच्या गोदीत कारकून आहे. त्याचीही एकच खोली, पण घरची: आई, बायको, एक लहान मुलगी. स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर. काशिरामने आम्हांला दारात पाहिलं. मग खुर्ची एकच होती ती त्याने माझ्यासाठी पुढे केली. आप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"आत या, आप्पा," काशिरामची आई म्हणाली. आप्पा तिथूनच विचारू लागले की माझा मुलगा निजतो कुठे. तिने आतल्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेली वळकटी दाखवली. वसंताचीच, मी ओळखली. आणि बाहेर गॅलरीत, आप्पा उभे होते तिथे त्यांच्या पायाशी, आणखी एक वळकटी भिंतीला टेकवून ठेवली होती.

"ही कोणाची?"

"माझी," काशिराम म्हणाला.

आप्पांना उमजेना. घर याचं, आणि हा बाहेर का? ते त्यांनी विचारलंही, जरा दरडावूनच.

"आपल्या गावचा नियम आहे ना, आप्पा. गावाहून आलेल्या माणसाला आतली जागा द्यायची," काशिराम म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "मी पहिल्यांदा मुंबईत उतरलो तेव्हा आपल्या खोलीवरच गेलो होतो, गुरुजी. जागा भरलेली आहे म्हणाले. चटई रिकामी दिसत होती. पण ते पत्र मी दारातून वाचलं. तुमचं अक्षर मला लांबूनही वाचता येतं."

तो हे टोचून बोलला नाही. सांगितलं, इतकंच. माझ्या शाळेत तो सात वर्षं बाहेर पडवीत बसला होता. दारातून फळा जेवढा दिसे तेवढा वाचत होता. पहिला यायचा. मी निकालाच्या दिवशी त्याचं कौतुकही पडवीत जाऊनच केलं होतं. मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो.

काशिरामच्या आईने चहा आणला. एक कप मला दिला, एक उंबऱ्यावर ठेवला. न आत, न बाहेर. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. साय धरली. वसंता इतका वेळ बापाकडे डोळे लावून उभा होता. शेवटी आप्पांनी चपला काढल्या, आत आले, वसंताच्या वळकटीशेजारी जमिनीवर बसले आणि चहा ओढून घेतला. गार झालेला चहा त्यांनी सगळा प्यायला.

मग कप खाली ठेवून काशिरामवर खेकसले की यापुढे घरचा माणूस आत निजेल आणि हा दांडगा बाहेर निजेल, नाहीतर मला कळव. काशिरामची आई तोंडाला पदर लावून हसली. ती म्हणाली, दोघेही ऐकत नाहीत, आप्पा, रोज भांडतात.

गाव

परतीच्या बोटीत आप्पांना ओकाऱ्या झाल्या नाहीत. त्यांनी मला अहवाल सांगितला, मी लिहिला. तो तीनच वाक्यांचा होता. मुंबई बघितली. मागावी. वसंता नायगावला काशिरामच्या घरी राहतो आणि त्याने त्याला नीट सांभाळला आहे.

तिसरं वाक्य अहवालात कशाला, असं मी म्हणून पाहिलं. आप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. देवळासमोर सभा भरली तेव्हा मी ते वाचलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काशिरामचा बाप देवळाच्या दगडी गडग्यापलीकडे नेहमीच्या जागी बसला होता, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून आप्पांनी मला ते वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. मग ठराव एकमताने पास झाला. पुढच्या आठवड्यापासून आप्पांकडे तंटे घेऊन येणारी दोन घरं कमी झाली. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही.

लोक मला विचारतात, गुरुजी, मुंबई कशी आहे? मी ट्रामचं सांगतो, राणीच्या बागेचं सांगतो, समुद्राकाठच्या दिव्यांचं सांगतो. हे सगळं सांगत नाही.

माझ्या शाळेच्या पडवीत आजही पाच मुलं बसतात. कायद्याने ती केव्हाच आत यायला हवी होती. आत घेतली तर गावातले काही पालक आपली पोरं काढून नेतील, वर तक्रार जाईल, माझी बदली होईल, हे मला माहीत आहे. यातलं खरं किती आणि माझी भीती किती, तेही मला आता माहीत आहे. गेल्या पंधरा दिवसांत मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि फळा जरा दाराकडे वळवून परत आलो. आज रविवार आहे. उद्या सकाळी साडेदहाला घंटा होईल आणि ती पाचजणं पडवीत आपापली गोणपाटं अंथरायला लागतील.